गाडी मिसिंग मारतेय

ऑगस्ट २०२४मधला तिसरा शनिवार. डेट्रॉइटमधून उत्तरेकडे निघणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्याच्या कडेला, एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये मी उभा होतो. समोर एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी लावलेल्या होत्या. डॉज चॅलेंजर. एक १९७०ची, दुसरी २०१६ची. रंग गडद जांभळा, आपल्याकडे लग्नातल्या शालूला शोभेल असा. कंपनीने त्याचं नाव ठेवलं होतं 'प्लम क्रेझी'. १९७०मध्ये ठेवलं आणि नंतर नव्या गाडीसाठी तेच नाव पुन्हा काढलं.

दर ऑगस्टला या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' म्हणतात तिला, १९९५पासून भरते. फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत लोक फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसतात आणि गाड्या बघतात. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीला लोक आदल्या रात्रीपासून जागा धरतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथे ढोल नाहीत, सायलेन्सर आहेत. मी पाच महिन्यांसाठी ऑनसाइट गेलो होतो. काम होतं गाडीतल्या आवाजाचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. त्याच्याकडे नंतर येतो, कारण हा सगळा लेख खरं तर त्या कामानेच लिहायला लावलाय.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या गाडीत मावेल तेवढं मोठं व्ही-एट इंजिन कोंबायचं आणि ती तरुण पोरांना परवडेल अशा किमतीत विकायची. एप्रिल १९६४मध्ये फोर्डने मस्टँग आणली, ती तुफान खपली आणि बाकीचे तिच्या मागे धावले. डॉजची चॅलेंजर बाजारात आली १९६९च्या शरद ऋतूत, म्हणजे वरात निघून गेल्यावर. लगेच तेलाचे भाव चढले, विमे महागले, प्रदूषणाचे कायदे आले आणि १९७४मध्ये गाडी बंदही पडली. जेमतेम पाच मॉडेल वर्षांचं आयुष्य. पण १९७१मध्ये 'व्हॅनिशिंग पॉइंट' नावाचा सिनेमा आला, त्यात एक माणूस पांढरी चॅलेंजर घेऊन डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे सुसाट निघतो, आणि गाडी अमर झाली. त्या सिनेमाच्या शेवटी ती बुलडोझरवर आदळून पेटते. मात्र पडद्यावर जी पेटते ती चॅलेंजर नाहीच, शेवरोलेची १९६७ची कॅमॅरो आहे. हे मी आधी वाचून ठेवलं होतं, त्यामुळे त्या जांभळ्या जोडीसमोर उभं राहून 'ही खरी आणि ती नक्कल' असं म्हणायला जीभ रेटेना.

जुन्या गाडीचा मालक सत्तरीच्या पुढचा. मी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्यावर तो स्वतःहून बोलायला लागला. म्हणाला, फसू नकोस, ही क्लोन आहे. आमच्या धंद्यात क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत, तिकडे त्याचा अर्थ जरा वेगळा. कारखान्यातून ही गाडी साध्या ३१८ घन इंचांच्या इंजिनासह निघाली होती. नव्वदच्या दशकात याने त्यात ४४० बसवलं. पुढचे दोन्ही फेंडर नव्याने बनवलेले, तळाचा पत्रा गंजला होता म्हणून बदललेला, वायरिंग नवं, सीटचं कापड नवं. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा. मूळचं काय उरलं असं विचारल्यावर त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, छप्पर, दरवाजे, आणि नंबर.

नंबर म्हणजे कारखान्याने ठोकलेला गाडीचा क्रमांक. जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळी किंमत त्या नंबरावर ठरते. इंजिनावरचा, गिअरबॉक्सवरचा आणि गाडीवरचा क्रमांक जुळला तर गाडी 'मॅचिंग नंबर्स', नाही जुळला तर भाव कोसळतो, मग चालवायला ती कितीही झकास असो. आपल्याकडे पत्रिका जुळवतात तसं. काही जुन्या गाड्यांचं तर अख्खं बॉडी शेल आज नवं कोरं बनवून मिळतं. म्हणजे हिशेब केला तर त्याच्या १९७०च्या गाडीत १९७०चं लोखंड निम्म्याहून कमी असेल, आणि शेजारची २०१६ची गाडी मात्र पूर्णपणे २०१६ची होती.

अशा ठिकाणी लोक ग्रीकांच्या थिसिअसच्या जहाजाचं उदाहरण देतात. मला दुसरंच आठवलं. मी इंजिनिअरिंग केलं संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला. तिथे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. बाबासाहेबांनी ते कॉलेज उभारलं आणि नाव दिलं ते 'मिलिंद प्रश्न' या पाली ग्रंथातल्या ग्रीक राजाचं, ज्याला नागसेन नावाच्या भिक्खूने वादात निरुत्तर केलं. मी चार वर्षं त्या रस्त्याने ये-जा केली आणि तो ग्रंथ वाचायचं मला कधी सुचलं नाही. वाचला नोकरी लागल्यावर, तोही मोबाइलवर. त्यात रथाची गोष्ट आहे. नागसेन राजाला विचारतो, तू आलास कसा? राजा म्हणतो, रथाने. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दांडा, सांगाडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळं सोडून आणखी काही रथ आहे का? तेही नाही. मग तू ज्याने आलास तो रथ आहे कुठे? राजाला शेवटी कबूल करावं लागतं की हे सगळे भाग एकत्र आले की त्याला 'रथ' म्हणायचं, एवढंच; ते एक वापरात असलेलं नाव आहे.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. नाव म्हणजे पॉइंटर. आज तो या जागेकडे बोट दाखवतो, उद्या त्या. चॅलेंजर या नावाचंच बघा. १९५९मध्ये डॉजने 'सिल्व्हर चॅलेंजर' नावाची एक मर्यादित आवृत्ती काढली होती, म्हणजे १९७०ची गाडीसुद्धा त्या नावाची पहिली मालकीण नाही. पुढे १९७८पासून १९८३पर्यंत हेच नाव एका जपानी मित्सुबिशीला चिकटवून विकलं. चार सिलिंडर, २.६ लिटर. चाहते त्या गाडीचा विषय निघाला की घरातल्या पळून गेलेल्या काकाचा निघाल्यासारखे गप्प होतात. मग २००८मध्ये नाव परत आलं, ते डेट्रॉइटमध्येही नाही. गाडी बनायची कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला, आणि तिच्या खालच्या सांगाड्यात मर्सिडीझकडून आलेला वारसा होता, कारण मधल्या काळात क्रायस्लरचा संसार डाइमलरशी लागला होता. अस्सल अमेरिकन मर्दानगीचं हे प्रतीक असं कॅनडात जन्मलेलं आणि जर्मन हाडांचं.

आता आकडे. जुन्या चॅलेंजरमधलं सगळ्यात तगडं इंजिन ४२६ हेमी, सात लिटरचं. कागदावर ४२५ अश्वशक्ती. २००८ला पुनर्जन्म झालेल्या गाडीचं हेमी ६.१ लिटरचं. कागदावर पुन्हा ४२५. आकडा बघून चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. पण हे दोन ४२५ एकसारखे नाहीत. १९७१पर्यंत अमेरिकेत ताकद 'ग्रॉस' मोजायचे: इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवायचं, जी जी उपकरणं त्याच्यावर ओझं टाकतात ती काढून घ्यायची, सायलेन्सरचा अडथळा ठेवायचा नाही आणि मग बघायचं किती जोर निघतो. १९७२पासून 'नेट' मोजायला लागले, म्हणजे इंजिन गाडीत बसल्यावर सगळ्या लटांबरासकट. त्याच जुन्या हेमीची नेट ताकद १९७१मध्ये दिली गेली ती ३५०. नव्याचे ४२५ नेट होते. थोडक्यात, आजोबांचा पगार ग्रॉसमध्ये सांगितलेला आणि नातवाचा इन-हँड.

बाकीच्या बाबतीत तर तुलनाच नको. जुनीत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे असतील तर वेगळे पैसे. खांद्याचा पट्टा वेगळा, छताशी अडकवलेला, जो बहुतेक जण लावत नसत. एअरबॅग नाही, एबीएस नाही. नवी गाडी जड आहे, तिची मागची काच टपाल पेटीच्या फटीसारखी आहे, आणि पार्क करताना ती म्हशीसारखी वळते, पण थांबते. त्या काळात, १९७०च्या सुमारास, अमेरिकेतल्या रस्त्यांवर दर १० कोटी मैलांमागे ४.७ माणसं मरत होती. अलीकडे हा आकडा सव्वाच्या आसपास असतो. 'पूर्वीच्या गाड्या कशा लोखंडी, दणकट' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा ऐकवायचा मला मोह होतो. गाडी दणकट होती, हे बरोबर आहे. धडकेत ती चेमटत नव्हती म्हणून सगळा दणका आत बसलेल्याला बसायचा.

म्हातारबांनी मला एक फेरी मारून आणलं. खरं सांगतो, पोटात गोळा आला. स्टिअरिंग मधोमध धरलं तरी गाडी आपल्या मनाने डावीकडे-उजवीकडे हुंगत होती. पेट्रोलचा वास केबिनमध्ये. सिग्नलला उभे असताना आरसा इतका थरथरायचा की मागची गाडी ओळखू येत नव्हती. आणि तरीही, सिग्नल सुटल्यावर त्याने पाय दाबला तेव्हा मी हसलो, मोठ्याने, शाळकरी पोरासारखा. नव्या गाडीतही नंतर एकदा बसलो, भाड्याने घेऊन. तिने मला जास्त वेगाने सीटमध्ये दाबलं आणि मी हसलो नाही. याचं प्रामाणिक कारण काय ते मला पूर्ण कळलेलं नाही. बहुधा पहिल्या गाडीत मला भीती वाटली होती, एवढंच असेल. मग ते हसू त्या गाडीचं कौतुक मानायचं का, हा वेगळा प्रश्न.

इथपर्यंत हा लेख गाड्यांवरच्या कुठल्याही लेखासारखा आहे. ओळख, अस्सलपणा, रथ. खरी कोण, नक्कल कोण हा प्रश्न बोलायला मजेशीर, पण नागसेनाने तो दोन हजार वर्षांपूर्वी निकालात काढलाय आणि कुणी एखाद्या नावाशी पॉइंटर जोडल्याने कुणाचं काही बिघडत नाही. मला छळणारा प्रश्न दुसरा आहे. जुन्या वस्तूची आठवण नव्याने विकायला काढताना आपण त्यातलं काय काय उचलतो आणि काय मागे टाकतो? आणि मागे टाकलेलं ज्यांचं होतं, त्यांना आपण काही देणं लागतो का?

जुनी चॅलेंजर बनत होती डेट्रॉइटच्या पोटात वसलेल्या हॅमट्रॅम्क या छोट्या गावात, 'डॉज मेन' नावाच्या कारखान्यात. (काही लॉस एंजेलिसलाही बनल्या.) तिथे मे १९६८मध्ये कामगारांनी युनियनला न विचारता संप केला, कारण असेंब्ली लाइनचा वेग वाढवला होता. संपात गोरे होते, काळे होते. शिक्षा झाली ती जास्त करून काळ्यांना. त्यातून काळ्या कामगारांची 'ड्रम' ही संघटना उभी राहिली, डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट. तिच्या पुढाऱ्यांपैकी एक जनरल बेकर (जनरल हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे), त्याची नोकरी त्या संपापायी गेली. त्यानंतर दीड वर्षाने त्याच कारखान्यातून जांभळ्या, केशरी, पोपटी चॅलेंजर बाहेर पडायला लागल्या. स्वातंत्र्य, मोकळा रस्ता, बंडखोर तरुण, असं सगळं जाहिरातीत.

डॉज मेन १९८०मध्ये बंद झाला, पाडला गेला. ती जागा आणि शेजारची पोलटाउन नावाची वस्ती मिळून जनरल मोटर्सला नवा कारखाना हवा होता. डेट्रॉइट शहराने १९८१मध्ये सक्तीने जमीन घेतली. चार हजारांहून जास्त माणसं हलवली, सुमारे १३०० घरं, शंभराहून जास्त दुकानं, चर्च, सगळं जमीनदोस्त. लोक कोर्टात गेले आणि हरले. २००४मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात म्हटलं की पोलटाउनचा तो निकाल चुकीचा होता. तेवीस वर्षांनी. आज तिथल्या कारखान्यात इलेक्ट्रिक गाड्या बनतात. कारखान्याच्या कुंपणाच्या आत एक जुनी ज्यू दफनभूमी आहे, बेथ ओलेम. ती तेवढी वाचली. वर्षातून दोनदा, सणांच्या आधी, ती लोकांना उघडून देतात.

हॅमट्रॅम्कला मी जायचो ते बांगलादेशी हॉटेलात मासे-भात खायला. तिथून कारखान्याकडे बघत राहायचो. २००८च्या चॅलेंजरने १९७०मधलं काय उचललं? नाकाची ठेवण, चार गोल दिवे, कुशीवरची रेघ, रंगांची नावं, ४२५चा आकडा. लाइनचा वेग उचलला नाही, बेकरची गेलेली नोकरी उचलली नाही, पेट्रोलमधलं शिसं उचललं नाही. उचलू नयेच, शिसं कुणाला हवंय! डिझायनरचं काम इतिहास शिकवणं नाही हेही मान्य. तरी एक गोष्ट खटकते. त्या आठवणीत गाडी चालवणारा माणूस आहे, गाडी बनवणारा कुठेच नाही.

मला ते खटकतं कारण माझे पप्पा वाळूजला एका व्हेंडरच्या प्रेस शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं होते. कंपनीचं नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलंही नसेल. मोठ्या कंपन्यांना दुचाकीचे पत्र्याचे भाग पुरवणाऱ्या शेकड्यांपैकी एक. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीचं पहिलं पेर नाही. मी दुसरीत होतो तेव्हा गेलं. घरी त्यावर कधी चर्चा झाली नाही, वाळूजमध्ये असं पेर नसलेले काका मला गल्लीत आणखी चार माहीत होते. जत्रेतून मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि दोन्ही गाड्या दाखवल्या. त्यांनी जांभळा रंग, क्रोम, इंजिन यांतलं काहीही बघितलं नाही. म्हणाले, कॅमेरा दरवाज्याच्या फटीजवळ ने. नेला. जुन्या गाडीच्या दारावरची फट वर बारीक आणि खाली रुंद होती. नवीला वरपासून खालपर्यंत एकसारखी.

"जुनीला हातानं बसवलाय दरवाजा," ते म्हणाले. "ठोकून ठोकून. दिवसाला किती काढत असतील काय माहीत. खांदे जातात रे त्यानं."

कोणती आवडली विचारलं तर म्हणाले, नवी. का, तर रोबोटनं बसवलीय, कुणाचा खांदा गेला नाही. मग जरा थांबून म्हणाले, पण तेवढी माणसं गेली कुठं कामाला?

मी यावर काही बोललो नाही. त्या माणसांच्या जागी आलेलं जे काही आहे, त्याचा मी एक भाग आहे.

आता माझ्या कामाकडे येतो. पेट्रोलची चॅलेंजर डिसेंबर २०२३मध्ये बंद झाली. जाता जाता तिने 'डेमन १७०' नावाचं १०२५ अश्वशक्तीचं रूप घेतलं, दिवा विझताना भडकतो तसं. तिच्या जागी डॉजने आणली इलेक्ट्रिक चार्जर डेटोना. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो, आणि आवाज नसलेली मसल कार म्हणजे नाद नसलेली हलगी. म्हणून त्यांनी मागे स्पीकर आणि पोकळ्यांची एक यंत्रणा बसवली, 'फ्रॅट्झॉनिक' नावाची. २०२२मध्ये कन्सेप्ट दाखवताना आकडा दिला होता १२६ डेसिबल. (फ्रॅट्झॉग हे डॉजच्या साठच्या दशकातल्या त्रिकोणी चिन्हाचं नाव. ते कुणा डिझायनरने असंच सुचलं म्हणून ठेवलेलं, त्याला काहीही अर्थ नाही. मला हा भाग फार आवडतो.) डॉज एकटी नाही. पेट्रोलवरच्या मस्टँगमध्ये, बीएमडब्ल्यूच्या एम-फाइव्हमध्येही इंजिनाचा आवाज स्पीकरमधून भर घालून ऐकवला गेलाय. माझी कंपनी आणि आमचा ग्राहक यांतलं कुणीच नाही, पण काम त्याच जातीचं: इलेक्ट्रिक गाडीच्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज तयार करायचा.

पहिल्या महिन्यात मी जे बनवलं ते गणिताने चोख होतं. व्ही-एट इंजिन ७५० आरपीएमवर नुसतं चालू असेल तर सेकंदाला ५० ठिणग्या पडतात, म्हणजे दर वीस मिलिसेकंदांनी एक स्फोट. मी तेवढ्याच अंतराने ठोके दिले, त्यावर हार्मोनिक्स चढवले. ग्राहकाकडून तिकीट आलं: आयडलचा आवाज फारच स्वच्छ वाटतो. मग मी अभ्यास केला. जुन्या इंजिनाचा तो लडखडत, डुचमळत येणारा आवाज, ज्यावर लोक जीव टाकतात, तो मुळात बिघाडाच्या जवळची गोष्ट आहे. जास्त वेगाला ताकद मिळावी म्हणून कॅमशाफ्ट असा घडवतात की आतले आणि बाहेरचे व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे राहतात. कमी वेगाला त्यामुळे जळालेला वायू आत उरतो, पुढचा स्फोट नीट होत नाही, एखादा चुकतोही. म्हणजे वाया जाणाऱ्या पेट्रोलचा आवाज तो. मी माझ्या कोडमध्ये ठोक्यांची वेळ दोन-तीन मिलिसेकंदांनी मागेपुढे केली, मधूनच एखादा ठोका गाळला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम बग लिहिला आणि तो लिहिल्याबद्दल शाबासकी मिळाली.

हे खोटं आहे का? मी बरेच दिवस यावर डोकं घातलं. बॉक्समधला इलेक्ट्रॉनिक तानपुरा खोटा नाही. तिथे तारा आहेत असं कुणी म्हणत नाही आणि गाणाऱ्याला सूर मिळतो. जपानमध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्याचा खटका बंद करता येत नाही. शटर नसलेल्या कॅमेऱ्याचा तो खटका बनावटच, पण ज्याचा फोटो निघतोय त्याला कळावं म्हणून आहे. इलेक्ट्रिक गाड्यांनी कमी वेगात बाहेर आवाज केलाच पाहिजे असा अमेरिकेत कायदा आहे. २०१०चा. त्यासाठी अंधांच्या संघटनेने पाठपुरावा केला, कारण न दिसणाऱ्याला रस्ता ओलांडताना गाडी ऐकू यावी लागते. तो आवाजही स्पीकरमधूनच येतो आणि मला त्यात काडीचंही खोटं वाटत नाही. उलट त्याइतका खरा आवाज नाही: मी इथे आहे, जपा.

म्हणजे आवाज कुठून येतो यावर खरेखोटेपणा ठरत नाही. तो कुणाला, काय सांगतो यावर ठरतो. आणि तिथे माझं काम अडकतं. माझा गाळलेला ठोका चालवणाऱ्याला सांगतो की तुझ्या पायाखाली एक रानटी जनावर आहे आणि तू ते आवरतोयस. जनावर नाही. बॅटरी आहे, आणि तिला आवरणारं सॉफ्टवेअर आहे. बरं, चालवणाऱ्याला हे माहीत नाही का? माहीत आहे. सिनेमात हिरो मरत नाही हे माहीत असून आपण रडतोच. इथवर माझा बचाव ठीक चालतो. पण रोज ऑफिसला जाताना वीस मिनिटं, वर्षानुवर्षं, कुणी सिनेमा बघत नाही. आणि १२६ डेसिबलचा आकडा तर चालवणाऱ्यापुरता नसतोच. तो गल्लीला ऐकवण्यासाठी असतो. पुण्यात बुलेटचे फटाके सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी असतो. तेच मी फाइल फॉरमॅटमध्ये बनवलं की ते 'अनुभव' कसं होतं?

मी एकच गोष्ट मागितली. केबिनमधला आवाज मुळात बंद असावा, ज्याला हवा त्याने चालू करावा. बाहेरचा इशारा कायद्याप्रमाणे कायम राहील. मीटिंगमध्ये प्रॉडक्टवाली बाई हसून म्हणाली, ज्या फीचरसाठी लोक पैसे देणार ते बंद अवस्थेत कोण विकतं? तिच्या जागी ती चूक नव्हती. ठरलं ते असं: आवाज मुळात चालू, बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये तिसऱ्या पायरीवर. ते बटण मीच कोड केलं. राजीनामा वगैरे दिला नाही, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आहे. तरी बटणाखाली एक ओळ लिहायची परवानगी मिळवली: 'हा आवाज कृत्रिम आहे.' रिव्ह्यूमध्ये ती दोनदा उडवली गेली आणि दोनदा मी परत टाकली. शेवटच्या बिल्डमध्ये आहे की नाही, ते मी भारतात परतल्यावर कळायला मार्ग उरला नाही.

गणपतीला संभाजीनगरला गेलो होतो. पप्पा ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना हेडफोन दिला आणि माझी फाइल ऐकवली, कुठल्या गाडीची वगैरे न सांगता. चांगल्या दोन मिनिटांची, पाच महिन्यांची मेहनत. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, डावा हात गुडघ्यावर ठोके देत. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"मिसिंग मारतेय," म्हणाले. "प्लग काढून बघ."

मी म्हणालो, पप्पा, याला प्लग नाहीये.

"मग कुणी बिघडवली?"